मनिषाची पात

आमच्या घरातला माणूस एका जागी बसत न्हाई. जेवायला बसला तरी एक गुडघा हालत राहतो आन् ताट खुळखुळतं. हातात कांदा द्या, वर उडवून झेलणार. लगीन होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवी बायको बघून घाबरला असंल बिचारा. मग कळलं, हे सदाचंच हाय. आमच्या सासूबाई, पंचफुलाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्या म्हणाल्या, "पोटात व्हता तवापासून असाच हाय गं तनुजा. नुसत्या लाथा."

नाव रविकांत. गावात कुणी सर म्हणतं, कुणी कोच म्हणतं, आन् मोठ्या वावराचे मालक शेषेराव रव्या म्हणतात. अहमदपूरच्या एका कॉलेजात पोरींच्या व्हॉलीबॉलचे असिस्टंट कोच हायेत. आता असिस्टंट म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका, कॉलेजवाले सांगणार न्हाईत. नेट असिस्टंटनं बांधायचं. ग्राउंडवर चुन्याच्या रेघा असिस्टंटनं मारायच्या. पोरीचा बाप खेळायला पाठवत नसंल तर त्याच्या दारात जाऊन असिस्टंटनं हात जोडायचे. पोरींची यष्टी चुकली तर दुसरी येईस्तोवर स्टँडवर असिस्टंटनं उभं राहायचं. आन् कप मिळाला की फोटोत मधल्या खुर्चीवर कोचनं बसायचं. असे फोटो आमच्या भिंतीवर लई हायेत. सगळ्यांत आमचे हे कडेला, अर्धा खांदा कापलेला.

कोच म्हणजे नरसिंग सर, कॉलेजातल्या सगळ्या खेळांचे मुख्य. माणूस वाईट न्हाई, उगं कामून बोलावं. पण सगळी जिंदगी कबड्डीत गेलेली. व्हॉलीबॉलच्या मॅचला त्यांना डुलकी लागते. आन् नियम असा हाय म्हणे, की मॅच चालू असताना उभं राहून पोरींना सांगायचा हक्क एकट्या कोचला. असिस्टंटनं बाकावर बसायचं, तोंड मिटून. आता बगा, जो माणूस घरात भाकरीपुरता बसत न्हाई, त्याला वर्षानुवर्षं बाकावर बसवलेलं. मॅचहून घरी आले की ह्यांच्या मांड्यांवर स्वतःच्याच नखांचे वळ दिसायचे. मी तेल लावताना शिव्या द्यायची. ह्यांना न्हाई, त्या बाकाला.

यंदा नरसिंग सर दिवाळीनंतर रिटायर होणार होते. सोयाबीन पिवळं पडायला लागलं त्या टायमाला एक दिवस ते ग्राउंडवर आले आन् म्हणाले, "रविकांत, भोकरच्या मॅचीला कोच म्हणून तुझं नाव टाकलंय. मी येत न्हाई. यंदा तू उभा राहा."

भोकरला झोनच्या मॅची होत्या. विद्यापीठाचा संघ तिथूनच निवडतात, आन् त्या संघाला कोचही तिथंच उभ्या असलेल्यांतून घेतात. विद्यापीठाचं नाव एकदा लागलं, की नरसिंग सरांच्या जागेला ह्यांच्याशिवाय दुसरं माणूस कॉलेज कशाला बघंल? ह्या सगळ्याचा अर्थ घरात कुणी बोलून दाखवला न्हाई. पण ह्यांनी ट्रॅकसूट धुऊन तारेवर टाकला आन् तो वाळेस्तोवर तारेखालून हलले न्हाईत.

त्या सांजेला भाकरीचे तुकडे ताटात मांडून आम्हा दोघींना खेळ समजावत बसले. बसले म्हणजे उकिडवे. "ही पोरगी दमली. मग मी असं करायचं." दोन्ही हात छातीपुढं एकमेकाभोवती गरागरा फिरवले. "की दुसरी आत, ही बाहेर. पण परत आत घ्यायचं झालं तर हिनंच जायचं, आन् हिच्या जागी जी आली व्हती तिनंच बाहेर यायचं. दुसऱ्या कुणाला तिथं हात लावता येत न्हाई."

"म्हंजे जागा तिचीच ऱ्हाती," आत्याबाई म्हणाल्या.

"हाव. तिचीच."

"त्यात काय शिकवायलास मला? आमच्या टोळीत बी असंच व्हतं." आत्याबाईंनी ताटातला एक तुकडा उचलून खाल्ला. "पात सोडायची तर पातीवर माणूस द्यावं. आन् परत घ्यायची तर जिची तिनंच घ्यावी."

सोयाबीन कापायला टोळी वावरात शिरली की ओळींचा एकेक पट्टा एकेकीला वाटून देतात. ती तिची पात. आपली पात कापत, पेंढ्या टाकत पुढं सरकायचं. एक पात मागं राहिली की मधी उभ्या पिकाचा दांड राहतो, पेंढ्यांची गंज रचता येत न्हाई, आन् मग सगळ्या टोळीची तोंडं सुरू होतात. म्हणून आमच्याकडं रिकामी पात म्हणजे घराण्याची शोभा झाल्यासारखं.

संघात गावातल्या दोन पोरी होत्या. मनिषा आन् रेणुका. मनिषा उंच, काळी, हाताची लांबलचक. नेटवर उडी मारून बॉल हाणायची तर समोरच्या पोरी तोंड लपवायच्या. रेणुका बुटकी आन् चपळ. ती बॉल नेमका उचलून द्यायची तेव्हाच मनिषाची उडी कामाला यायची. दोघींच्या आया सरजाबाईच्या टोळीत, तीच टोळीची मुकादम, आन् कापणीला दोघींच्याही पाती त्याच टोळीत.

मी नळावर घागर भरत होते तेव्हा हे सरजाबाईच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. टोळी सगळी तिथंच, विळ्यांना धार लावत बसलेली.

"सरजाबाई, भोकरला दोघी लागतात मला. मनिषा न्हाई तर नेटवर कोण? आन् रेणुका न्हाई तर तिला बॉल कोण देणार? उद्यापासून सकाळ-संध्याकाळ सराव हाय."

"मला बॉलातलं काय कळतंय सर? शेषेरावाचं वावर गुत्त्यानं घेतलंय, ठरल्या पैशात सगळं कापून द्यायचंय. आभाळाचा भरवसा न्हाई. त्या दोघींच्या पाती कोण वढील?"

"दोन्ही पाती मी भरून देतो."

सगळ्या बाया हसल्या. "कुणाला धाडता? कॉलेजातल्या मॅडमला?"

"माझी आई आन् माझी बायको."

मला विचारलं का? न्हाई. आत्याबाईंना विचारलं का? न्हाई. चार बायांत शब्द देऊन मोकळा. मी भरलेली घागर तिथंच टेकवली आन् म्हणाले, "आवं सर, बायको कोणत्या खेळात घेतली ते तिला बी कळवत जा जरा." बाया आणखीच हसल्या. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला पुढं बोलवंना. लई दिवसांनी त्या तोंडावर उजेड होता.

घरी आत्याबाई भांडल्या न्हाईत. म्हणाल्या, "माझं काय, जलमभर तेच केलंय. पण एक ध्यानात ठेव रवी. तू त्या वावरात विळा धरायचा न्हाईस."

ह्याला कारण होतं. शाळेत असताना हे आईसोबत शेषेरावांच्या त्याच वावरात कापणीला जायचे. तेव्हापासूनचं ते रव्या. कॉलेजात लागले त्या दिवशी आत्याबाईंनी ह्यांचा विळा उचलून घराच्या आढ्याला खोचून टाकला. विहारात मेणबत्ती लावली, गल्लीत साखर वाटली, आन् सांगितलं, आता हे हत्यार माझ्या लेकाच्या हातात दिसायचं न्हाई. तो विळा तिथंच होता. गंजला होता, कोळ्यानं जाळं केलं होतं, पण आत्याबाई कुणाला काढू देत नव्हत्या.

मग काय, रेणुकाच्या पातीवर मी आन् मनिषाच्या पातीवर आत्याबाई.

मी माहेरी कापूस वेचला होता, पण सोयाबीन कापलं नव्हतं. आधी वाटलं, त्यात काय, मूठ धरायची, विळा फिरवायचा. अगं माय! वाळलेल्या शेंगांची टोकं बोटात शिरतात ती दिसत बी न्हाईत. हाताला जुन्या पायमोज्यांचे कपडे बांधले तरी आत घुसतात. कापलेल्या धांड्यांचे सड वर टोकदार उभे राहतात, चप्पल फोडून टाच धरतात. वरून ऊन. पाऊस येणार असला की ऊन असं चिडकं पडतं, अंगातून घाम निघतो आन् वाळत न्हाई. पहिल्या दिवशी मी कंबर धरून उभी राहिले की आत्याबाई बाजूच्या पातीवरून म्हणायच्या, "उभी ऱ्हाऊ नको. उभी ऱ्हायलीस की परत वाकवत न्हाई." त्या माझ्यापुढं सरळ निघून जायच्या.

शेषेराव धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीखाली बसायचे. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, नजर निम्मी आभाळाकडं निम्मी आमच्याकडं. त्यांचीही फिकीर खरी होती. मागल्या साली ह्याच दिवसांत गंज भिजून दाण्याला कोंब फुटले होते. पण फिकीर असली म्हणून तोंड सोडावं का माणसानं?

"पंचफुला, रव्या कुठाय गं? मायला अन् बायकोला कामाला लावून बॉल खेळून राहिला काय?"

आत्याबाई कापत राहिल्या.

"अन् पगार तरी बरा देतात का त्याला? का नुसतीच शिट्टी?"

त्यांच्या नातवाला शिकवणी देणारा पोरगा आमच्या ह्यांच्याच कॉलेजातून निघालेला, काल मिशी फुटलेला. तो आला की शेषेराव "या सर, बसा सर" करतात. मी मूठ आवळली तशी शेंग तळव्यात रुतली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाईंनी विळ्याच्या दांड्यानं माझ्या पायाला हळूच टोचलं. जेवणाच्या वक्ताला मी विचारलं, "कामून ऐकून घेता आत्याबाई?"

"वावर त्येचं हाय."

"म्हणून नाव पाडायचं माणसाचं?"

"जेव," म्हणाल्या. "मॅची होऊ दे. मग बघू."

तिकडं हे पहाटे निघायचे, पोरींना ग्राउंडवर पळवायचे, दुपारी घरी येऊन उभ्या उभ्या खायचे आन् परत जायचे. रात्रीच्या भाकरीला बसले की माझे हात बघायचे आन् नजर दुसरीकडं वळवायचे. एकदा म्हणाले, "तनुजा, मनिषा आता मागच्या लायनीतून बी हाणायला लागली. बघशील तर—" मी म्हणाले, "मला शेंगा दिसतात फक्त. बघू कशी?" मग उठून माझ्या तळव्यातली टोकं सुईनं काढत बसले. चांगलं बराच वेळ बसले. माझा हात हातात होता म्हणून असंल, गुडघा हालला न्हाई.

भोकरला जायच्या आदल्या दिवशी सांजच्याला आत्याबाईंचा पाय मुरगळला. वरच्या बाजूला ओल होती, ढेकूळ निसटलं, आन् त्या पेंढी हातात धरूनच आडव्या झाल्या. विळा लांब फेकला म्हणून बरं, न्हाई तर पोटात गेला असता. घोटा बघता बघता सुजला. मी आन् सरजाबाईनं दोन्हीकडून धरून घरी आणलं. आत्याबाई रडल्या न्हाईत, फक्त म्हणत राहिल्या, "पात ऱ्हायली गं. मधलीच ऱ्हायली."

सरजाबाई दारातच उभी राहिली. हे कॉलेजातून आले तेव्हा तिनं खाली बघत सांगितलं, "सर, मनिषाची पात रिकामी हाय. तुमी शब्द दिला व्हता. मला बी बरं वाटत न्हाई बोलायला. पण आभाळ बगा."

मी म्हणाले, "दोन्ही पाती मी वढते."

"एक वढता वढता टोळीच्या मागं ऱ्हातीस तू," सरजाबाई म्हणाली. खरंच होतं ते.

हे गाडी घेऊन निघाले. शेजारच्या गावात गेले, तांड्यावर गेले, शिरूर अनंतपाळकडच्या पाहुण्यांना फोन लावले. त्या दिवसांत रिकामा हात कुठं मिळतो? ज्याला त्याला आपापल्या वावराची घाई. कापायचं मशीन शेषेरावांनी आधीच नाकारलं होतं, ओलीत ते रुततं म्हणून. दिवे लागल्यावर हे परत आले, गाडी लावली, आन् अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. आत्याबाई आतून बघत होत्या. ह्यांची नजर दोनदा आढ्याकडं गेली ती त्यांनी बघितली.

"रवी," आतून आवाज आला, "ते मनात बी आणू नको."

पहाटे गल्लीच्या तोंडाला जीप आली. अहमदपूरच्या पोरी आधीच आत बसलेल्या. रेणुका चढली. मनिषा पिशवी घेऊन आली, पण चढली न्हाई. तिला आईकडून कळलं होतं.

"सर, मी ऱ्हाते. पात माझी हाय."

"बस गाडीत."

"तुमी जा सर. तुमचं नाव लागलंय. तुमचं पैल्यांदाच—"

"बस म्हणलं ना गाडीत!" गल्लीतली कुत्री उठली एवढ्या जोरानं ओरडले. मग आवाज खाली आला. "मनिषा, माझ्याबिगर मॅच हुती. तुझ्याबिगर हुत न्हाई. चढ."

पोरगी रडत चढली. ह्यांनी नरसिंग सरांना फोन लावला. पलीकडून सर किती ओरडले ते मला इथवर ऐकू आलं. "अरे, मी तुला उभं केलं अन् तू मलाच परत उभं करायलास! त्या बॉलातलं मला काय कळतं?" हे म्हणाले, "सर, रेणुकाला विचारा. ती सांगंल तसं करा. हायवेला थांबा, जीप तिथून येती."

जीप गेली. हे घरात आले, पाट ठेवला, त्याच्यावर चढले आन् आढ्यातून विळा उपसला. कोळ्याचं जाळं केसांवर आलं.

आत्याबाई अंथरुणावर उठून बसल्या. "ठिव तो."

"आई—"

"ठिव म्हणते. त्या वावरात तुला विळा धरू द्यायचा न्हाई म्हणून म्या माझे गुडघे घालवले. आन् आज त्यो तिथं बसून बगंल तुझ्याकडं. ठिव."

"मी शब्द दिलाय आई. तुझ्याच टोळीला दिलाय."

आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. पाठ हालत होती. ह्यांनी उंबऱ्यात ट्रॅकसूटची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आन् निघाले. मी मागं. खोटं कशाला बोलू, मला त्या घडीला ह्यांचा राग आला होता, पोरींचा आला होता, व्हॉलीबॉल नावाच्या त्या हवेच्या गोळ्याचा तर लई आला होता. आन् त्याच घडीला असंही वाटत होतं की ह्या माणसाला छातीशी धरावं.

वावरात बायांनी चिडवायचं काय ठेवलं न्हाई. "सर, विळा हाय तो, शिट्टी न्हाई." "सर, वाकताना बी वार्मअप करतात का?" हे हसले. मला म्हणाले, "तनुजा, हा फाऊल हाय बघ. मनिषाच्या जागी आई आली, आता आईच्या जागी दुसरं कुणी चालत न्हाई. पंचानं शिट्टी मारायला पाहिजे." मी म्हणाले, "पंच धुऱ्यावर बसलाय. मारतोच बघा आता."

शेषेराव उठून उभे राहिले. "कोण, रव्या? अरे, तुझी मॅच व्हती ना आज?"

"हाव."

"मग?" उत्तराला थांबले न्हाईत. बाभळीखाली बसत म्हणाले, "बरं झालं. शेवटी हात वळणावर येतोच. जरा खालून काप, धांडं लई ठेवायलास."

ह्यांचा कान लाल झाला. पण मान वर केली न्हाई. खालून कापायला लागले.

जुन्या सवयीचा हात, पण मधी वर्षं गेलेली. पहिल्या धुऱ्यापर्यंत पोचता पोचता करंगळी कापली. माझ्या पदराची चिंधी बांधली. दुपार व्हायच्या आत टोळीच्या मागं पडले, मग पुढं गेले, मग परत मागं. एका लयीत कापणं ह्या माणसाला कसं जमावं? सारखा हात खिशातल्या फोनकडं. वावरात रेंज फक्त पश्चिमेच्या धुऱ्यावर. तिथपर्यंत पात नेली की फोन कानाला.

एकदा रेणुकाचा लागला. मी शेजारीच होते, ऐकू येत होतं. "सर, पैला सेट गेला. त्या पोरी मनिषापुढं तिघी उभ्या ऱ्हायलेत."

"मग तिला पुढं देऊच नको! मागून दे. मागच्या लायनीतून. आपण केलंय ते. नरसिंग सरांना म्हण—"

"रव्या!" शेषेरावांनी धुऱ्यावरूनच आवाज टाकला. "फोन मग. आधी आभाळ बघ."

आभाळ दक्षिणेकडून खरंच काळं होत होतं. रेंजही गेली. ह्यांनी फोन खिशात टाकला आन् पुढची मूठ धरली. तोंडानं पुटपुटत होते, "मागून दे, रेणुका, मागून दे." प्रत्येक मुठीला तेच. बाया चिडवायच्या थांबल्या. सरजाबाईनं आपली पात संपवून ह्यांच्या पातीचं दुसरं टोक धरलं, ते मी बघितलं.

सांजेला घराकडं येताना नरसिंग सरांचा फोन आला. ती मॅच जिंकली होती. त्याच्या पुढचीही जिंकली. शेवटची, फायनलची, पाचव्या सेटात हरली. विद्यापीठाच्या संघात मनिषाचं नाव लागलं. आन् संघाचा कोच म्हणून त्या फायनल जिंकणाऱ्या कॉलेजचे सर घेतले.

"असिस्टंट कोण?" ह्यांनी विचारलं.

"ते त्यांचाच माणूस घेतात रे बाबा," सर म्हणाले. मग म्हणाले, "मी सांगितलं सगळ्यांना, पोरी कुणी घडवल्यात ते. पण जो समोर नसतो त्याचं कोण धरतंय?"

"बरं सर. पोरींना जेवायला घाला," म्हणाले आन् फोन ठेवला. घरी आले. तारेवर ट्रॅकसूटचं वरचं जाकीट तसंच लटकत होतं. ह्यांनी ते काढून घडी करून पेटीत ठेवलं. मला रडायला आलं ते मी चुलीच्या धुरावर घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावराचा शेवटचा तुकडा राहिला होता. पावसानं रात्र सोडली होती, पण आभाळ इतकं खाली आलेलं की विजेच्या खांबाला टेकंल. टोळी घाईनं कापत होती. ह्यांचा विळा आता बरोबर चालत होता, एका लयीत, आन् मला तेच बघवत नव्हतं.

रस्त्याला यष्टी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं धुऱ्यावरून दोघी येताना दिसल्या. अंगात खेळाचे कपडे, पाठीवर पिशव्या. रात्री नांदेडला मुक्काम करून पहिल्या गाडीनं आल्या होत्या. घरी गेल्याच नव्हत्या.

मनिषा पातीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. दोन्ही हात छातीपुढं घेतले आन् एकमेकाभोवती गरागरा फिरवले.

हे खालूनच बघत राहिले. मग चिडले. "शहाणपणा करू नका. धड झोप न्हाई तुम्हाला. घरी जा."

तिनं परत हात फिरवले. तिच्या मागं रेणुकानं माझ्याकडं बघून फिरवले.

"ऐकायला येतंय का, घरी जा म्हणतो!"

"सर," सरजाबाई कंबर सरळ करत म्हणाली, "पात तिची हाय. ती घ्यायला आली तर न्हाई म्हणता येत न्हाई. आमच्यात बी न्हाई आन् मी ऐकलंय, तुमच्यात बी न्हाई."

हे उठले. विळा मनिषाच्या हातात दिला. तिनं विळा डाव्या हातात घेऊन उजवा पुढं केला, पोरी रेघेवर आत-बाहेर जाताना करतात तसा, आन् ह्यांनी चिंधी बांधलेला हात त्याच्यावर टेकवला. पोरगी म्हणाली, "मागून दिला सर तिनं. सगळे मागून दिले." ह्यांनी नुसती मान हालवली. डोळे भरले होते, सगळ्या टोळीनं बघितले.

मीही रेणुकाला विळा देऊन बाहेर आले. धुऱ्यावर बघते तर आत्याबाई काठी टेकत, लंगडत येऊन उभ्या. दोघींना यष्टीतून उतरताना दारातून बघितलं होतं म्हणे. डोक्यावर भाकरीचं फडकं. मी म्हणाले, "असल्या पायानं कामून आलात?" म्हणाल्या, "गप."

हे धुऱ्यावर बसले. जरा वेळ बसले. मग गुडघा हालायला लागला. मग उठून उभे राहिले. "मनिषा, गुडघ्यातून वाक, कंबरेतून न्हाई! रेणुका, पेंढी टाकताना मागं बघू नको, तिच्याकडं बघ! चला, चला, चला!" पूर्ण वावरात आवाज घुमला. पोरी वाकून हसत होत्या आन् हात सपासप चालत होते. टोळीतल्या बायाही नकळत पुढं पळायला लागल्या.

शेषेराव तिकडून आले. काठी रोवून म्हणाले, "का रे रव्या, पात सोडून उभा राहून बोंबलायलास?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. माझं लगीन होऊन आल्यापासून त्या माणसापुढं त्यांची मान वर गेलेली मी बघितली नव्हती. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं, दुखऱ्या पायावर भार देऊन सरळ झाल्या.

"शेषेराव," म्हणाल्या, "सर म्हणा. कोच हाय त्यो. उभं राहून सांगायचा हक्क हाय त्येला."

वावरातले विळे थांबले. शेषेरावांनी आत्याबाईंकडं बघितलं, मग टोळीकडं. सरजाबाई विळा हातात धरून ताठ उभी होती, तिच्या मागं सगळ्या. दक्षिणेला गडगडलं. शेषेरावांनी आभाळाकडं बघितलं, घसा साफ केला.

"बरं... सर," म्हणाले, "मग सांगा पोरींना, जरा हात उचला म्हणावं. गंज झाकायचीय."

आत्याबाई धुऱ्यावर खाली बसल्या आन् मला म्हणाल्या, "सोड ते फडकं, भाकर काढ, भूक लागली." मी भाकर काढली. हे वळून बघत नव्हते. पाठमोरे उभे होते, दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडत होते, आन् वावर पुढं सरकत होतं.